कोंडाबाईच्या दारातले चौदा अपघात

मी पोलीस हवालदार आहे आणि माणूस तसा वाईट नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून तुमचं मत बदलू शकतं.

विंझरहून वेल्ह्याकडे जाताना एका चढावर कोंडाबाईचं चहाचं हॉटेल आहे. चार पत्रे, दोन बाकडी आणि आल्याचा वास. मोबाईलला रेंज येते ती तेवढ्या चढावर, अलीकडे-पलीकडे रेंज म्हणून नाही. आणि अपघाताची नोंद तर हल्ली मोबाईलमधल्या अ‍ॅपवर करायची असते. मी अपघाताच्या जागी जायचो, जखमींना गाडीत घालून पाठवायचो, पंचनामा कागदावर लिहायचो आणि मग अ‍ॅप भरायला कोंडाबाईकडे यायचो. अ‍ॅप विचारायचं, ‘अपघाताचं ठिकाण?’ खाली बटण असायचं, ‘सध्याचं ठिकाण घ्या’. मी बटण दाबायचो आणि बशीत चहा ओतायचो.

दोन वर्षांत ते बटण मी चौदा वेळा दाबलं.

मग एके सकाळी बांधकाम खात्याच्या मॅडम जीपमधून उतरल्या. हातात नकाशा. त्यांनी टेप लावून हॉटेल मोजलं, कोंडाबाईच्या हातात एक कागद ठेवला आणि गेल्या. तिला वाचता येत नाही. तिने कागद माझ्यापुढे धरला.

“बगा की हवालदार, काय म्हनत्यात?”

या भागातले सर्वाधिक अपघात या टपरीसमोर झाले आहेत, सबब टपरी आठ दिवसांत हटवावी, असं म्हणत होते. मी कसाबसा वाचून दाखवला.

“चौदा? माझ्या दारात?” कोंडाबाई कडाडली. “अवो, हितं कवा कोंबडं सुदिक चिरडलं न्हाई!”

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच. आणि चोर तर तिच्याच बाकड्यावर बसून चहात बिस्कीट बुडवत होता.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. नोकरीत सतरा वर्षं झाली तरी साहेबांच्या शिव्यांना मी अजून घाबरतो. दोन दिवस त्या बाजूला फिरकलोच नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तर कोंडाबाई पाना घेऊन पत्र्याचे नट सोडवत होती. नवरा गेल्यावर याच हॉटेलावर तिने दोन लेकींची लग्नं केली.

“या, बसा,” ती म्हणाली. “काय लिवायचं असंल तर आत्ताच लिवून घ्या. परवापासनं तुमाला हितं सावली न्हाई मिळायची.”

स्वतःचं छप्पर उतरवताना ही बाई माझ्या कामाची काळजी करत होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले.

“मावशी, नट आवळा परत,” मी म्हणालो. “ते चौदा अपघात म्या हितं बसून केल्यात.” आणि बटणाची सगळी गोष्ट सांगून टाकली.

ती पाना हातात धरूनच माझ्याकडे वळली. आता हा पाना डोक्यात बसणार असं मी धरून चाललो होतो. तर ती हसायला लागली, पार डोळ्याला पदर लावेपर्यंत.

“म्हंजे माझ्या चानं माझाच घात केला की वो! आता हसून झालं. खरं कुठं झालं ते लिवा.”

इथंच घोडं अडलं. माझ्या पंचनाम्यात तारखा होत्या. ठिकाण मात्र प्रत्येक वेळी ‘वळणाजवळ’. या रस्त्याला वळणं वीस-बावीस. चौदातली पाच-सहा मला आठवत होती, बाकीची पार पुसली गेली होती.

पलीकडच्या बाकड्यावर ज्ञानोबा धनगर बसले होते. त्यांची मेंढरं बारा महिने या रस्त्याच्या दोन्ही अंगांना चरतात.

“मला तारखा कळत न्हाईत,” ते म्हणाले. “पर कवा ते तुमी सांगा, कुठं ते म्या सांगतो.”

मग आम्ही निघालो. पुढे ज्ञानोबा, मागे वही घेऊन मी, आणि खुणा करायला चुन्याच्या फक्कीची पाटी डोक्यावर घेतलेली कोंडाबाई.

“शिमग्याचा दुसरा दिवस,” मी तारखेचा सण करून वाचलं.

“तवा काळी शेळी व्याली. टेम्पो पलटी झाल्ता. हितं!” कोंडाबाईने फक्की टाकली.

“दिवाळीच्या आदल्या आठवड्यात.”

“लोकर कातरायची चालू हुती. मोटारसायकल. काचंतनं मेंढरं काढताना जीव गेला माझा. हितंच की!”

दुपारपर्यंत चौदातल्या दहा खुणा एकाच वळणावर पडल्या होत्या. करवंदीच्या जाळ्यांनी समोरची गाडी दिसत नव्हती, आणि खाली तीस फूट घळ होती.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मॅडमपुढे उभा राहिलो आणि बटणापासून सगळं सांगितलं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “माफी राहू द्या, ते वळण दाखवा.” साहेबांनी मात्र मला मनसोक्त झापलं. ते मी खाल्लं. नोटीस रद्द झाली, नकाशावरचे ठिपके हलले. नकाशातून आपलं ठिकाण पुसलं गेलं म्हणून पेढे वाटणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. पुढे जाळ्या तोडल्या, वळणावर लोखंडी कठडा बसला. रेंज नसली तरी ठिकाण जागेवरच पकडता येतं आणि फॉर्म मागाहून पाठवता येतो, हेही मॅडमनी मला शिकवलं.

गेल्या आठवड्यात एसटीचा ड्रायव्हर चौकीत निरोप घेऊन आला. करवंदीच्या वळणावर दुधाचा टेम्पो आदळला होता. मी हातातलं काम टाकून पोचलो. टेम्पो कठड्याला टेकून तिरका उभा होता, रस्ताभर दूध, आणि दूधवाला पप्पू दुधात उभा राहून स्वतःलाच शिव्या देत होता. त्याच्या अंगावर ओरखडा नव्हता.

मी कठड्यावरून खाली घळीत पाहिलं. मग तिथंच उभं राहून मोबाईल काढला. ठिकाण घेतलं. मृत, शून्य. जखमी, शून्य.

“हवालदार,” पप्पू शिव्या थांबवून म्हणाला, “रडताय व्हय?”

“व्हय,” मी म्हणालो.