अर्धी चंदी

हिवाळ्यात रपेटी कमी करायच्या, हे मी ठरवलं. कुणाला विचारलं नाही, सरळ सांगून टाकलं. आमच्या घरात घोड्याचा विषय निघाला की प्रत्येकाला मत फुटतं, आणि मतं ऐकत बसलं तर हिवाळा संपून जातो.

रात्री जमीन गोठायची, सकाळी उशिरापर्यंत धुकं, संध्याकाळी लवकर अंधार. अशा टणक जमिनीवर रोज दौड घातली की घोड्याच्या पायांची वाट लागते. म्हणून जेवता जेवता मी जाहीर केलं की आमच्या घोडीवर, मिरीवर, आता रोज बसायचं नाही, आठवड्यातून दोनदाच. काम कमी, म्हणून चंदीही निम्मी. चंदी म्हणजे तिचा दाणा, जव आणि ओट. गवत हवं तेवढं खाऊ दे, दाणा मात्र अर्धा. उभ्या घोड्याला पुरा दाणा घातला की तो अंगात साचतो आणि एक दिवस अंगावर उलटतो, हे मला सासऱ्यांनीच शिकवलेलं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा घोड्याच्या मागे उभं राहू नये एवढंसुद्धा मला माहीत नव्हतं.

"आणि बाबा, तुम्ही तर थंडी संपेपर्यंत बसायचंच नाही," मी सासऱ्यांना म्हणाले.

थंडीच्या सुरुवातीला ते आमच्या म्हाताऱ्या घोड्यावरून उतरताना पडले होते. तो घोडा इतका गरीब की आम्ही त्याला पेन्शनर म्हणतो. हाडबीड काही मोडलं नाही, पण ते पडताना मी पाहिलं होतं आणि माझ्या डोळ्यांसमोरून ते जात नव्हतं.

माझ्या लेकीनं ताट पुढे सरकवलं. पंधरा वर्षांची आहे, वसंतात तिची घोड्यावरच्या उड्यांची स्पर्धा. "म्हणजे मिरी आजारी नसताना तू तिला अंथरुणात घालतेयस," ती म्हणाली.

"अंथरुणात नाही, तबेल्यात, तिच्या ठाणावर. आणि ताट उचलून ठेव."

सासरे काहीच बोलले नाहीत. त्यांनी उभा जन्म लोकांना घोड्यावर बसायला शिकवण्यात घालवला. आसपासचे सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मास्तर गप्प बसले की समजायचं, पटलेलं नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं. पण नवरा जहाजावर, तबेला माझ्या गळ्यात, त्यात आणखी एक वाद मला नको होता. त्यांच्या गप्प राहण्याचा मी सोयीचा अर्थ काढला.

चंदी द्यायचं काम त्यांचं. दाण्याच्या पेटीला आमच्याकडे दुसऱ्या कुणी हात लावत नाही. एकाच हातानं दाणा गेला की माप चुकत नाही, अशी त्यांच्या वडिलांपासूनची पद्धत. नवरा सुट्टीवर आला तरी पेटीचं झाकण उघडत नाही. मी तर कधी डोकावलेही नाही.

त्या रविवारी मिरीला ठाणावर उभं राहून सलग चार दिवस झाले होते. लेकीची परीक्षा, त्यात दव गोठून अंगण काचेसारखं झालेलं, म्हणून मधली एक रपेट राहूनच गेली. आज ऊन पडलं होतं. लेक मिरीवर, मी पेन्शनरवर, अशा आम्ही कालव्याच्या रस्त्याला लागलो. मिरी फाटकातूनच तिरकी चालत होती, कान टवकारलेले, प्रत्येक झुडपाला बुजत होती.

"आवर तिला. आधी अंग गरम होऊ दे," मी म्हणाले.

"आई, तिला चार दिवसांचं साचलंय."

"म्हणूनच म्हणतेय."

ऐकेल ती माझी लेक कसली. मऊ मातीचा पट्टा आल्याबरोबर तिनं लगाम सैल सोडला आणि मिरी चौखूर उधळली. मी मागून ओरडत राहिले. पेन्शनरनं माझ्या ओरडण्याची दखल घेऊन चाल किंचित वाढवली, तेवढंच. वळणापलीकडे पोचले तेव्हा मिरी रस्त्याच्या मधोमध उभी होती आणि लेक खाली उतरून तिच्या मानेला धरून होती.

"पडलीस?"

"नाही. ती आपली आपण थांबली. आई, ती हलत नाहीये."

मिरीच्या अंगावरून घाम निथळत होता. एवढ्या थंडीत, एवढ्याशा दौडीनं इतका घाम येत नाही. नाकपुड्या फुललेल्या, पुढच्या एका पायानं ती जमीन उकरत होती आणि मान वळवून पुन्हा पुन्हा आपल्या कुशीकडे बघत होती. घोड्याच्या पोटात दुखायला लागलं की तो असंच करतो. आणि घोड्याचं पोट म्हणजे खेळ नाही. सकाळी दुखायला लागलेला घोडा संध्याकाळी गेलेला मी पाहिलाय.

मी आधी सासऱ्यांना फोन केला, मग जनावरांच्या डॉक्टरांना. डॉक्टर एका अडलेल्या गाईपाशी होते, मागून तिचं हंबरणं ऐकू येत होतं.

"मला यायला तास तरी लागेल," ते म्हणाले. "तोवर नीट ऐका. पोट असेल तर तिला हळूहळू चालवत राहा, लोळू देऊ नका. पण मागचे स्नायू आखडले असतील तर एक पाऊलसुद्धा हलवायचं नाही. चालवलंत तर स्नायू फाटतात, मूत्रपिंडं बसतात, मग माझ्या हातात काही राहत नाही. शेपटीच्या वर, पुठ्ठ्यावर हात ठेवून बघा, कडक लागतोय?"

मी हातमोजा काढून मिरीच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला. ती थरथरत होती. कडक लागत होता, पण थंडीनं माझी बोटंच इतकी बधिर झालेली की मला लाकूड आणि लोणी यातला फरक कळला नसता.

"सांगता येत नाही हो. सगळंच कडक लागतंय."

"लघवी केली? रंग कसा आहे?"

"अजून नाही केली."

"चंदी किती चालू आहे? उभ्या घोड्याला पुरा दाणा तर देत नाही ना?"

"छे. हिवाळा लागल्यापासून निम्मी," मी ठणकावून सांगितलं. "मी स्वतः ठरवून दिलीय."

"मग स्नायूंचं नसणार. पोटच धरा. चालवा, मी निघतोच."

तेवढ्यात सासरे शेजाऱ्याच्या मोटारीतून उतरले. हातात लोकरी घोंगडी. शेजारी घोडे न्यायची गाडी जोडून आणायला परत फिरला. मी डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं: पोट असेल तर चालवायचं, स्नायू असतील तर नाही, चंदी निम्मी आहे म्हणजे पोटच. त्यांनी ऐकून घेतलं. घोंगडी छातीशी धरून ते नुसते मिरीकडे बघत राहिले.

"बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी घोंगडीची घडी उगाच नीट केली.

मी लगाम धरून मिरीला पुढे ओढलं. तिनं मान पुढे केली, पाय जागचे हलवले नाहीत. लेकीनं मागून चुचकारलं. मिरीनं एक मागचा पाय उचलला, तो टेकवताना तिच्या तोंडून असा आवाज निघाला की लेक रडायलाच लागली.

"आई, नको ना."

"रडू नकोस. चालली नाही तर आतडं पिरगळेल. ओढ."

दुसरं पाऊल. मिरीचं मागचं अंग एका बाजूला कललं, मला वाटलं आता कोसळते. तिचे डोळे पांढरे झाले होते. मी पुन्हा लगाम ताणला. मनातून मला पटत नव्हतं, पण डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि डॉक्टरांना मी सांगितलं होतं. थांबायचं कशाच्या जोरावर?

तिसरं पाऊल पडायच्या आत सासऱ्यांनी माझं मनगट पकडलं.

"सोड," ते म्हणाले. "हलवू नकोस तिला. पोट नाहीये."

"कशावरून?"

"पुरी देत होतो."

मला आधी कळलंच नाही. "काय पुरी?"

"चंदी. पुरं माप. वर मूठभर." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "रोज."

कालव्याचं पाणी वाहत होतं, पेन्शनर कडेचं वाळकं गवत चघळत होता आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मिरीला मी चालवलं होतं. माझ्या हातानं. आणि हा माणूस घोंगडी धरून उभा राहून ते बघत होता.

"तुम्ही मला शिकवलंत," मी म्हणाले. "तुम्ही. दाणा साचतो म्हणून."

"माहितीय."

"मग?"

"मग काय. सकाळी गेलो की ती मान बाहेर काढून वाट बघायची. तिला वाटायचं, आता खोगीर येणार. मी अर्धं माप घेऊन तिच्या पुढे कुठल्या तोंडानं उभा राहू? बाहेर न्यायचं नाही, वर खायलाही कमी." त्यांनी घोंगडी मिरीच्या पाठीवर टाकली, पुठ्ठ्यावर नीट ओढून घेतली. "तू दोघांनाही ठाणावर बांधलंस. मला निदान तिला पोटभर घालता येत होतं."

"आजोबा, ती मरेल का?" लेकीनं विचारलं.

मी डॉक्टरांना पुन्हा फोन लावला. खोटं माझं नव्हतं, पण सांगताना जीभ माझीच अडखळली. ते म्हणाले, "हलवू नका. आलोच."

तो वेळ कसा गेला विचारू नका. आम्ही अंगावरचे कोट काढून मिरीवर घातले. सासरे तिच्या डोक्याशी उभे, कपाळाला कपाळ लावून. तिनं बसायचा प्रयत्न केला की "अंहं, बाई, अंहं," म्हणत तिला सावरायचे. त्यांचे ओठ निळे पडले होते. त्यांचा कोट त्यांना परत दे असं मी लेकीला म्हणाले नाही. इतकी मी चिडले होते.

डॉक्टर आले, पुठ्ठ्यावर हात ठेवल्याबरोबर त्यांनी मान हलवली. इंजेक्शनं दिली, शिरेतून सलाइन लावलं. बऱ्याच वेळानं मिरीनं पाय फाकवले आणि लघवी केली. काळ्या चहाच्या रंगाची. लेकीनं तोंड फिरवलं.

"स्नायू विरघळून बाहेर पडतायत," डॉक्टर म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत रंग निवळला तर सुटली. नाही निवळला तर मला बोलवा, पण मग बोलावणं कशासाठी असेल ते तुम्हाला माहितीय."

सुया गोळा करता करता त्यांनी आम्हा दोघांना एकदमच झापलं. सासऱ्यांना दाण्यावरून. आणि मला, "हिवाळ्यात कमी करायचं म्हणजे दिवस कमी करायचे, हे कुणी सांगितलं तुम्हाला? वेळ कमी करा. अर्धा तास, चालीनं, पण रोज. चार दिवस उभं आणि पाचव्या दिवशी दौड, याच्यापेक्षा वाईट काही नाही."

मला वर मान करवेना. सासरे मला टोमणा मारतील असं वाटलं होतं. त्यांनी मारला नाही.

संध्याकाळी शेजाऱ्याच्या गाडीतून मिरीला हळूच घरी आणलं. सकाळी उजाडायच्या सुमाराला मी तबेल्यात गेले तर दोघं आधीच तिथं. लेक गवताच्या गठ्ठ्यावर, सासरे ठाणाच्या आडव्या दांडीला टेकून. तिघं मिळून एका घोडीच्या लघवीची वाट बघत होतो, आणि हसू येण्यासारखी ती गोष्ट असूनही कुणाला हसू येत नव्हतं. मिरी मान खाली घालून उभी. पाणी प्यायली. पुन्हा उभी.

मग तिनं पाय फाकवले. मी पांढरं घमेलं पुढे धरलं. पिवळी होती. थोडी गढूळ, पण पिवळी.

लेक आजोबांच्या गळ्यात पडली. कालपासून ती त्यांच्याशी बोलली नव्हती. सासऱ्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं, तिला बाजूला केलं आणि खिशातून दाण्याच्या पेटीची किल्ली काढून माझ्यासमोर धरली.

"आजपासून तू दे."

रात्रभर मी ठरवलं होतं की किल्ली मागून घ्यायची. आता ती समोर होती तर माझा हात पुढे होईना. त्यांनी चूक केली होती, मिरीच्या जिवावर बेतणारी. पण त्यांना घोड्यावरून खाली उतरवलं होतं ते मी, आणि कारण त्यांचं वय नव्हतं. त्यांना पडताना बघून मी घाबरले होते. भीती माझी आणि ठाणावर उभे ते राहिले होते.

"ठेवा तुमच्याकडे," मी म्हणाले. "मी रोज येऊन माप बघणार. राग आला तरी बघणार."

"बघ."

"आणि पेन्शनरला खोगीर घालते. अर्धा तास, अंगणातच."

ते माझ्याकडे बघत राहिले. "डॉक्टर घोडीबद्दल बोलत होते."

"मी तुमच्याबद्दल बोलतेय."

अंगणात अजून ऊन पोचलं नव्हतं. लेकीनं चढायला स्टूल आणलं. पलीकडची रिकीब मी दोन्ही हातांनी खाली दाबून धरली, खोगीर घसरू नये म्हणून. त्यांचा पाय पहिल्यांदा पोचलाच नाही. दुसऱ्यांदा पोचला, गुडघा लटपटला. मग खोगिरावर वजन आलं. वर बघितलं तर ते बसले होते, पाठ ताठ, दम लागलेला.

मी पुढे येऊन लगाम धरला.

"सोड आता," ते म्हणाले.

"एक फेरी होऊ द्या, मग सोडते."

"पोरी," ते म्हणाले, "सोड."

माझी बोटं उघडायला तयार नव्हती. मी ती एकेक करून उघडली.