गुडघेगुरूंची काळी फट

सभागृहात माणसांपेक्षा काठ्या आणि कुबड्याच जास्त दिसत होत्या. पडद्यावर एक्स-रेचे दोन फोटो झळकले. पहिल्यात गुडघ्याची हाडं एकमेकांना टेकलेली, दुसऱ्यात मधे छान काळी फट. गर्दी थक्क झाली.

"बघा, झिजलेली कूर्चा पुन्हा उगवली!" निळा दिवा उंचावत गुडघेगुरू गरजले. "डॉक्टर पेशी बाटलीत वाढवतात. मी नुसती हाक मारतो, त्या जागच्या जागी वाढतात!"

मागच्या रांगेत विज्ञानशिक्षिकेनं कपाळावर हात मारला. शेजारी तिची थोरली बहीण, व्हॉलीबॉलची प्रशिक्षक, डोळे विस्फारून बघत होती. पडल्यामुळे ताईच्या गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत थराला, खड्डा पडला होता. डॉक्टरांनी तिच्याच थोड्या पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवल्या होत्या. परवा त्या खड्ड्यात बसवायच्या होत्या. ताई गेली नाही, तर त्या वाया जाणार होत्या.

"परवाचं रद्द," ताई कुजबुजली. "इथे कापाकापीच नाही."

"ताई, दिव्यानं गुडघे बरे होत असते, तर रस्त्यावरच्या खांबाखालीच रांग लागली असती."

"तुला सगळ्यातच खोट दिसते. हे फोटो खोटे आहेत का?"

फोटो खोटे वाटत नव्हते, हीच तर पंचाईत होती. ते ज्यांचे होते, ते निवृत्त पोस्टमन काका मंचाजवळ बसले होते. शिक्षिका तडक त्यांच्याकडे गेली.

"काका, दुखणं थांबलं?"

"गुरूंच्या गोळ्या चालू आहेत तोवर. संपल्या की पुन्हा बोंब!"

"आणि फोटो?"

"इथेच, पलीकडच्या खोलीत. पहिल्यांदा ताटकळत उभं केलं. दुसऱ्यांदा मात्र थाट! झोपवलं, उशीसुद्धा दिली."

शिक्षिका जागीच थबकली. मग गुरूंकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "काकांचा आत्ता उभ्यानं फोटो काढा."

"अविश्वासू माणसासमोर यंत्र चालत नाही."

"अहो, यंत्र विजेवर चालतं ना?" काका उठलेच. "गुडघा माझा आहे. काढा!"

लोकांनीही गलका केला, तेव्हा गुरूंचा नाइलाज झाला. नवा फोटो पडद्यावर आला. फट गायब!

"शंकेनं कूर्चा आकसते," गुरूंनी सारवासारव केली.

"मग आता झोपवून काढा."

फट परत आली.

"आडवं झालं की श्रद्धा वाढते वाटतं!" कुणीतरी ओरडलं आणि सभागृह खदखदून हसलं.

"एक्स-रेत कूर्चा दिसतच नाही," शिक्षिका म्हणाली. "दिसते ती हाडांमधली जागा. उभं राहिलं की अंगाचा भार पडून ती मिटते, झोपलं की उघडते. काकांच्या गुडघ्यात काहीही उगवलेलं नाही."

काका मटकन खुर्चीत बसले. ताईनं धाकटीची बाही ओढली.

"परवाच्या ऑपरेशननं मी नक्की बरी होईन?"

"नक्की असं डॉक्टरही म्हणाले नाहीत. कुबड्या आहेत, कित्येक महिन्यांचा व्यायाम आहे, काहींना फरक पडतही नाही. पण हे त्यांनी आधीच सांगितलंय."

"मग परवा जाऊया," म्हणत ताई लंगडत दाराशी गेली. बाहेर नवी रांग लागली होती. तिनं मैदानावरचा आवाज लावला :

"फोटो दाखवले की विचारा, दोन्ही वेळा उभं केलं होतं का! आणि तुमच्यासमोर पुन्हा काढायला लावा!"