वाशाला बांधलेली बाहुली

बर्फ वितळायच्या आधीच बाहुली तयार झाली होती. सिक्यातेवानं नदीकाठच्या कॉटनवुडचं वाळलं मूळ तासलं, चपटं घासलं, पांढऱ्या मातीचा हात दिला, गालांवर दोन तांबडे ठिपके काढले. ही कचिनांची, पाऊस आणणाऱ्या दैवतांची आई, पोरीच्या जन्मातली पहिली बाहुली. त्याच्या भाचीची, पोलीमानाची तान्ही लेक उन्हाळ्यातल्या निमानच्या, कचिनांना निरोप द्यायच्या नाचात ती घेणार होती. चार महिन्यांची होऊन लेक गेली.

एवढंसं पोर मेलं तर मोठ्या माणसांसारखं ढगांत जात नाही. घराच्या वाशांत बसून राहतं, आईच्या पुढल्या बाळंतपणाची वाट बघत. पण दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली होती, आता मूल होणार नाही. गाडीतून तिला सिक्यातेवामामाच घेऊन गेला होता. 

निमानच्या आदल्या दिवशी पोलीमाना निळ्या मक्याच्या पातळ पोळ्यांच्या सुरळ्या घेऊन आली.

"मामा, माझ्या पोरीला काही आणतील का रे कचिना?"

"मला काय विचारतेस? मी मका लावणारा माणूस."

"बोटांना पांढरी माती लागलीय तुझ्या."

"भिंत सारवत होतो."

"कुठली? पोपडे तर तसेच लोंबतायत."

तो ओशाळून हसला. बाहुली कोण घडवतं, ते मोठ्यांना ठाऊक असतं. तोंडातून कुणी काढत नाही. बाहुली कचिनांच्याच हातून यावी लागते.

संध्याकाळी तो बाहुली घेऊन किवात, जमिनीखालच्या पूजेच्या खोलीत उतरला. तिथला थोरला म्हणाला, "घ्यायला हात कुठायत?"

"आईचे आहेत की."

थोरल्यानं चिलीम बाजूला सारली. मग त्यानं बाहुली ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी चौकात पोलीमाना रिकामं दुपटं छातीशी धरून उभी होती. सगळ्या पोरींना बाहुल्या वाटून झाल्या. मुखवट्यांतले कचिना जायला वळले. आणि त्यांतला एक तिच्यासमोर थांबला.

घरी येऊन तिनं मामाला बाहुली दाखवली. "बघ, काय आणलंय."

त्यानं पहिल्यांदाच बघतोय अशी हातात घेतली. पाठीवरची लाकडाची गाठ अंगठ्याला आपोआप सापडली.

"नाक जरा बसकं आहे," ती म्हणाली.

"असू दे. पोरीचंही तसंच होतं."

तिनं डोळे पुसले, दोरी त्याच्या हातात दिली आणि वाशांकडे बघत म्हणाली, "घट्ट बांध, मामा. खूप वर्षं खेळायचंय तिला."