जमिलाने वाचलेला सिनेमा

मुलांनो, समोर एक पांढरी चादर टांगली आहे असं समजा. दोन खांबांना बांधलेली, वाऱ्याने मधूनच फुगणारी. पायाखाली वाळू अजून गरम आहे, हवेत समुद्राचा आणि डांबराचा वास आहे, आणि चादरीवर मात्र बर्फ पडतो आहे. त्या बर्फातून माणसं पाठीवर पोती घेऊन डोंगर चढताहेत. ती कुणापासून लपतात, काही कळत नाही, कारण ती इटालियन बोलतात. आणि सगळी वस्ती तुमच्याकडे वळून विचारते, "काय म्हणतायत गो?" तुम्ही काय कराल?

जमिलावर हीच वेळ आली. साल १९६५. कुवेतमध्ये शुऐब्याला नवं बंदर बांधत होते, आणि तिथल्या कामगारांच्या वस्तीत दर गुरुवारी सूर्य बुडाल्यावर, मगरिबच्या नमाजनंतर सिनेमा दाखवत. जमिलाचे अब्बा हुसेन बंदरावर फिटर होते. वस्तीतले पुष्कळ लोक कोकणातले, रत्नागिरी नि कुलाबा जिल्ह्यांकडचे. पुरुष रिकाम्या पिंपांवर बसत, बायका चटईवर. मध्ये दहा वर्षांची जमिला.

चादरीच्या तळाशी अरबी ओळी उमटत होत्या. त्या पाहून महबूबमामू ओरडले, "अरे, आपली जमिला आहे ना! कुराण खतम केलंय तिनं. वाच गो, आम्हालाही कळू दे!"

महबूबमामू श्रीवर्धनचे, बंदरातल्या लाँचवर काम करायचे. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. जमिलाच्या अम्मीला बहीण मानत, म्हणून ते मामू.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. जमिलाने कुराण खरंच पूर्ण वाचलं होतं, सुरेख वाचायची. पण अर्थ तिला येत नव्हता. आपल्याकडे पुष्कळ मुलं आधी अक्षरं शिकतात, अर्थ मागाहून येतो. त्यात वाईट काही नाही. शिवाय पडद्यावरच्या अक्षरांना जबर-जेर, म्हणजे कुराणात उच्चार दाखवणाऱ्या खुणा, नव्हत्या, आणि ओळ वाचून होण्याआधी पुसली जायची. "मला अर्थ येत नाही" एवढं म्हटलं असतं तर चाललं असतं. पण सगळे कौतुकाने बघत होते. जमिला म्हणाली, "हे चोरून तंबाखू नेतायत. डोंगरापलीकडे."

"वा!" मामू म्हणाले. "आणि तो काटकुळा?"

एक काटकुळा माणूस एकटाच शिपायांच्या चौकीकडे निघाला होता.

"तो धाकटा भाऊ. फितूर आहे. पैशासाठी भावाला पकडून देतोय."

"मेल्या, सख्खा भाऊ ना रे तू!" शेजारची बिल्कीस पडद्याकडे बघून ओरडली. अम्मीने तिला गप्प केलं, पण तिचेही डोळे भरले होते. सिनेमा संपल्यावर जो तो जमिलाच्या डोक्यावर हात ठेवून गेला. खरं सांगू? तिला फार बरं वाटलं.

रविवारी दुपारी महबूबमामू दारात आले. हातात घडी घातलेला कागद.

"इकाम्याच्या कचेरीतून आलाय. हा देश राहू देतो तो याच कागदावर बघ. वाच जरा. कारकुनाकडे गेलो तर तो चार लोकांत माझी टर उडवतो. तू आपली घरची."

खाली गोल शिक्का होता. एका ओळीखाली लाल रेघ मारली होती. जमिलाने ती ओळ पुटपुटत वाचली. एकही शब्द कळला नाही. आता तरी सांगावं, असं मनात आलं. पण मग सिनेमाचं काय? तो काटकुळा भाऊ, ती रडलेली अम्मी, सगळंच खोटं निघणार.

"सगळं ठीक आहे, मामू," ती म्हणाली. "ठेवून द्या."

मामूंनी कागद खिशात ठेवला आणि तिला खजुराची पुडी दिली. तिने पुडी उघडलीच नाही. रात्री जेवताना अम्मीने विचारलं, "पोट दुखतंय काय गो?" जमिला हो म्हणाली. तेही खोटंच.

पुढच्या गुरुवारी सिनेमाची पेटी बदलून आली नाही, म्हणून तोच सिनेमा पुन्हा लागला. त्या दिवशी कुवेत शहराजवळच्या खैतानहून यूसुफ आला होता, हुसेनचा आतेभाऊ. तो एका अरबी दुकानात हिशेबनीस होता, अरबी लिहायचा, बोलायचाही. काटकुळा माणूस चौकीकडे निघाला तशी बिल्कीस म्हणाली, "हाच तो फितूर!"

"फितूर?" यूसुफ हसला. "वैनी, तो म्हणतोय, चोरी मी एकट्याने केली, मला धरा. भावाला पलीकडे निसटता यावं म्हणून स्वतः पकडला जातोय. आणि पोत्यात मीठ आहे."

"पण जमिलाने तर—"

सगळे तिच्याकडे वळले. मग कुणी तरी फिसकन हसलं, आणि पिंपांवर हशा पसरला. "फितूर कोण ते कळलं आता!" एक जण म्हणाला. जमिलाचे कान तापले. तिने गुडघ्यांत तोंड घातलं.

"हसता काय रे?" हा महबूबमामूंचा आवाज होता. "सिनेमाची भाषा वेगळी, एखाद वेळी चुकणारच पोर. माझा कचेरीचा कागद कसा घडाघडा वाचला तिनं!" आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशावर थाप मारली.

हसणारे थांबले. पण तो हशा जमिलाला इतका लागला नव्हता, जितका हा आवाज लागला. तिला ती लाल रेघ आठवली. कुणी उगाच रेघ मारत नाही. तिथे तारीख असेल तर? ती गेली असेल तर? मामूंना लाँचवरून उतरवून देशाला पाठवतील, आणि का ते त्यांना कळणारही नाही.

जमिला उठली. चटई ओलांडून पुरुषांच्या बाजूला निघाली. यंत्राच्या उजेडात तिची सावली बर्फावर पडली, मागून लोक ओरडले, "बस गो खाली!" ती बसली नाही. महबूबमामूंसमोर उभी राहून तिने हात पुढे केला, कागद मागून घेतला, तो यूसुफच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "यूसुफकाका, हा तुम्ही वाचा. मला नुसती अक्षरं येतात. मामूंना मी खोटं सांगितलं."