फांद्यांच्या वाटेवर

पर्च मासे बर्फातल्या भोकाशी तोंड वर काढून धापा टाकू लागले, तेव्हा माझ्या नवऱ्याची, ओइवाची, झोपच उडाली.

हिवाळ्याआधी आमचं तळं एकदा ढवळून निघतं. वरचं गार पाणी खाली जातं आणि हवा तळापर्यंत पोचते. मग बर्फाचं झाकण बसतं. तळाशी जरा उबदार पाणी राहतं आणि मासे तिथं, त्या साठलेल्या हवेवर, हिवाळा काढतात. यंदा बर्फ लवकर धरला, हवा पुरेना.

ओइवानं पंप आणला. तळातलं पाणी वर ओढून उडवायचं, म्हणजे त्याला हवा लागेल.

"वाटेजवळ नको लावूस," मी म्हटलं.

"खोल डोह तिथंच आहे, रायली. तो काय उचलून चर्चमध्ये नेऊ?"

वाट म्हणजे तळ्यावरून पलीकडच्या काठाला जायला नाताळात त्यानंच बर्फात रोवलेल्या स्प्रूस झाडाच्या फांद्यांची रांग. धुक्यात चुकायला नको म्हणून. त्या फांद्यांवर आमचा इतका विश्वास, की डोळे मिटूनही चालत जाऊ.

शनिवारी मी कॉफी ठेवत होते. खिडकीतून पाहिलं तर पंपाभोवतीचा बर्फ राखाडी झालेला आणि तो डाग थेट फांद्यांपर्यंत सरकलेला. तळातलं उबदार पाणी वर येऊन बर्फ खालून खात होतं, आणि फांद्यांमधल्या वाटेवर मात्र भुसभुशीत बर्फाची दुलई तशीच होती, चालणाऱ्याला काही कळलं नसतं.

पलीकडून लाल टोपी येत होती. इंपी, ओइवाची धाकटी बहीण, पाठीवर राय धान्याची भाकरी घेऊन, फांदीमागून फांदी.

मी तशीच धावले. "इंपी! मागे फिर!"

पंप तिच्या अगदी जवळ घरघरत होता, तिला काय ऐकू जाणार? तिनं हात हलवला. "आले गं वहिनी! दादानं सगळी कॉफी संपवली की काय?"

ती हसत होती. मी पुन्हा ओरडले, तरी ती येतच राहिली.

तेवढ्यात ओइवा माझ्या बाजूनं धावत सुटला आणि वजन पसरावं म्हणून डागाच्या काठाशी पालथा पडला. "आडवी पड! इंपे, आडवी पड, माझे आई!"

दादा असा ओरडतो म्हटल्यावर तिचं हसू विरलं. ती आडवी पडली. तिच्याखालचा बर्फ खचला आणि पाणी तिच्या कोपरांवरून वाहू लागलं. ओइवानं हातातली स्कीची काठी पुढे केली. तिची पहिली पकड सुटली. दुसऱ्यांदा तिनं धरली आणि तो तिला ओढत राहिला.

ती बाहेर आली, भिजलेली, कुडकुडत. "शहाणा आहेस अगदी," एवढंच म्हणाली. ओइवा उठेचना. पालथाच पडून तिचा हातमोजा मुठीत धरून राहिला.

मी जाऊन पंप बंद केला. भोकातले मासे तसेच धापा टाकत होते. मरोत मेले, मी म्हटलं, आणि मग मला रडू फुटलं.