'फर्मली'च्या पुढचा शब्द

माझ्या पाठीमागे विद्यार्थिनी मला 'लाल पेन' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणू देत. सव्वीस वर्षं मी इंग्रजी शिकवते आहे आणि एका मार्काची सवलत कधी कुणाला दिली नाही, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगत आले. हल्ली सांगत नाही.

आमच्या संस्थेत रुग्णसेविकांसाठी वर्षभराचा अभ्यासक्रम आहे. शेवटी इंग्रजी संभाषणाची तोंडी परीक्षा होते, ती मी घेते. टेबलाच्या अलीकडे मी, पलीकडे परीक्षा देणारी, दहा मिनिटं. विषय आत आल्यावरच कळतो. माझ्यापुढे एक कार्ड असतं. त्या विषयावर बोलताना इंग्रजीत जे शब्द जोडीनंच येतात, अशा सहा जोड्या त्यावर छापलेल्या. जोडी ऐकू आली की खूण करायची. चार खुणा झाल्या की पास. ही कार्डं मीच तयार केली आणि मला त्यांचा कोण अभिमान! यात आपपरभावाला जागाच नाही, असं मी प्राचार्यांना पटवून दिलं होतं.

त्या दिवशीचा विषय होता मूल्यं आणि श्रद्धा. फर्मली बिलीव्ह, मॉरल व्हॅल्यूज, स्टँड बाय प्रिन्सिपल्स, असल्या जोड्या.

सकाळी पहिलीच आली ती प्राचार्यांची भाची. पोरगी वाईट नव्हती, पण पाठ केलेलं सगळं दाराबाहेर ठेवून आली होती. "आय फर्मली..." म्हणाली आणि पंख्याकडे बघत बसली.

आता हे सांगायलाच हवं. जूनमध्ये माझी नोकरी संपत होती आणि दोन वर्षांच्या मुदतवाढीचा कागद प्राचार्यांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. मी नुसते ओठ हलवले. "बि..."

"बिलीव्ह!" ती ओरडलीच. मी खूण केली.

मग मला काय झालं देव जाणे. "स्टँड बाय" म्हणून ती थांबली की "प्रिन्सि" मी पुरवायची. "मॉरल" वर अडकली की मी खोकल्यासारखं करून "व्हॅ" म्हणायची. चार खुणा झाल्या. पोरगी घाबरली आहे, एवढं चालतं, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि पुढचीला हाक मारली.

सगळ्यात शेवटी, चार वाजता, ती आली. नाव कशाला सांगू! एका वृद्धाश्रमात दहा वर्षं रोजंदारीवर आया म्हणून काम करत होती. पास झाली तर कायम होणार होती. ही तिसरी आणि शेवटची संधी, कारण चाळिशीनंतर परीक्षेला बसू देत नाहीत आणि तिला दोन महिन्यांत चाळीस वर्षं पूर्ण होत होती. बाकी सगळ्या विषयांत ती वर्गात पहिली. धुऊन धुऊन हात खरखरीत झालेले, त्यांना जंतुनाशकाचा वास. ते तिनं मांडीवर घट्ट धरून ठेवले होते.

सुरुवात तिनं झकास केली. धडाधड तीन जोड्या बोलली. मी तीन खुणा केल्या. मग म्हणाली, "मॅडम, आय फर्मली..."

आणि अडकली. सकाळची पोर अडकली होती, अगदी तिथंच.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मागत नव्हती काही, नुसतं पाहिलं. ओठ हलवायचा अवकाश होता. मी घड्याळाकडे बघितलं.

मग तिनं पाठ केलेलं सोडून दिलं आणि मनातलं बोलायला लागली. "वन ओल्ड लेडी. एव्हरी डे आस्क, माय सन कम? ऑल से, टुमॉरो कम. आय नो से. आय से, नो कम, आजी. आय हिअर, विथ यू."

म्हातारीनं दोन दिवस तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच कंगवा पुढे केला आणि म्हणाली, वेणी घाल. त्यानंतर तिनं मुलाचं विचारलं नाही. हे सगळं त्या बाईनं चार मोडक्या वाक्यांत आणि हातवाऱ्यांनी सांगितलं. मी कार्ड खालीवर वाचलं. त्यातली एकही जोडी तिच्या गोष्टीत नव्हती.

दहा मिनिटं संपली. तीन खुणा.

"मॅडम, एकच राहिली," ती मराठीत म्हणाली.

"नियम म्हणजे नियम, बाई," मी म्हणाले. किती ताठ मानेनं म्हणाले!

निकाल लागला. फेरपरीक्षेच्या अर्जाला आठ दिवसांची मुदत असते, पण त्यावर परीक्षकानं लिहून द्यावं लागतं की परीक्षा सगळ्यांची सारखी झाली नाही. ते आठ दिवस मला घास गोड लागला नाही. आठव्या दिवशी मी तिच्या नावाचा अर्ज भरला, तो पर्समध्ये घातला आणि वृद्धाश्रमात गेले. फक्त माझी सही बाकी होती. आधी तिला सगळं सांगायचं आणि तिच्यासमोर सही करायची, असं घोकतच पायऱ्या चढले. संस्थेचं ऑफिस पाचला बंद होणार होतं. मी पोचले तेव्हा साडेतीन झाले होते.

लांबलचक खोलीत बारा खाटा. ती एका आजोबांच्या पायांशी वर्तमानपत्र पसरून त्यांची नखं कापत बसली होती. मला बघून तिचा चेहरा असा फुलला की मला पळून जावंसं वाटलं.

"अगंबाई, मॅडम! तुम्ही इथं? बसा, बसा. आजोबा, त्या परीक्षेच्या मॅडम सांगत नव्हते का, त्या ह्या!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वाईट वाटलं हो मॅडम, खोटं कशाला बोलू. घरी जाऊन पोटभर रडले. पण नंतर म्हटलं, जाऊ दे. आजवर जिथं तिथं वशिलाच बघितला. सगळ्यांना एकच माप लावणारं निदान एक माणूस तरी भेटलं. इथं सगळ्यांना सांगते मी तुमचं."

माझी बोटं पर्समधल्या कागदावर होती. हिला तेवढाच आधार उरलाय, तो तरी कशाला काढून घ्या, असं मी मनाला समजावायला लागले. लबाडी नुसती! आधार तिचा नव्हता, माझा होता. असं कौतुक मला सव्वीस वर्षांत कुणी केलं नव्हतं आणि मला ते सोडवत नव्हतं. मुदतवाढीचंही मनात होतं, नव्हतं असं कोणत्या तोंडानं म्हणू?

तरी मी सुरुवात केली. "त्या दिवशी सकाळी," मी म्हणाले, "तुमच्या आधी एक मुलगी आली होती. ती..."

आणि अडकले.

तिनं नखं कापायचं थांबवलं. घड्याळ तिच्या डोक्यावरच होतं, तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. "बोला ना मॅडम," ती म्हणाली. "मला काही घाई नाही. सावकाश बोला."

"ती पण खूप घाबरली होती," मी म्हणाले आणि उठले.

ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. पाच वाजले तेव्हा मी घरी पोचून चहा ठेवला होता, आणि अर्ज पर्समध्येच होता.

मुदतवाढ मिळाली. ती बाई अजून त्या वृद्धाश्रमातच आहे, रोजंदारीवर. मी अजून त्याच सहा जोड्या शिकवते. वर्गात मी नुसतं 'फर्मली' म्हणते आणि पोरी एका सुरात पुढचा शब्द ओरडतात.