घरी मारतात तशी हाक

ज्येष्ठमधाची काडी... एका टोकाला चघळून चघळून कुंचल्यासारखी झालेली. तिने ती नाकाशी नेली. वास नाही, किंवा आहे, इतका पुसट की आहे असं समजायचं. जाकीट धुतानाही ही कशी राहिली – की जाकीट धुतलंच नव्हतं? नसेलच. मागच्या वर्षी स्पर्धा संपली त्या संध्याकाळी ते दाराआड अडकवलं ते अडकवलंच. मग दिवस राहिले, मग पोटावरून त्याची चेन लागेना, आणि आज बाळाला गुंडाळायला काहीतरी हाताशी हवं म्हणून ओढलं तर ही खिशातून टपकन खाली. दातांच्या खुणा माझ्याच. पण त्या कुणा दुसऱ्याच बाईच्या असाव्यात तशी ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग काडी परत जाकिटाच्या खिशात सारली.

जाकिटात गुंडाळलेलं बाळ खांद्यावर होतं. खिडकीबाहेर दोन इमारती आणि बेकरी सोडून पलीकडे मैदान. कर्ण्यातून "हॅलो, हॅलो, चेक" ऐकू येत होतं.

"आवाज गोड आहे हो त्या नव्या माणसाचा," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. आणि मग सुनेकडे न बघता, "नुसता गोडच."

ती हसली. सासूबाईंना हे छान जमायचं, जखमेवर फुंकर घालायची आणि आपण फुंकर घातली हे कुणाला कळू द्यायचं नाही.

वर्षातून एकदा आठवडाभर हे शहर स्वतःच्या अंगापेक्षा मोठं व्हायचं. कुठकुठच्या देशांतली पोरं फुटबॉल खेळायला यायची. शाळांचे बाक भिंतीला रचून वर्गावर्गांत गाद्या पडायच्या, व्हरांड्याच्या कठड्यांवर लांबलचक मोजे वाळायचे, बेकरीवाला पहाटेची दुसरी भट्टी लावायचा आणि बसचे ड्रायव्हर हातवाऱ्यांनी सगळ्या भाषा बोलायचे. आणि माईकवर ती. 'माईकवाली ताई' – भाजीवालासुद्धा तिला तसंच म्हणायचा; वजनात मारायचा ते मारायचाच, पण म्हणायचा.

कागदावर छापलेल्या नावांवर तिचा विश्वास नव्हता. सामन्याच्या आदल्या दिवशी ती शाळेत जायची, पहिलीतल्या मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसायची, आणि एकेक पोर समोर यायचं. "सगळे म्हणतात ते नको," ती म्हणायची, म्हणजे खुणेने, मोडक्यातोडक्या शब्दांनी, तोंडाशी हात धरून, खिडकीतून हाक मारल्यासारखं करून, "घरी आई कशी हाक मारते? तसं सांग." आधी पोरं खिदळायची. मग एक गंमत व्हायची – प्रत्येकाचा आवाज उतरायचा. कितीही दांडगं पोर असो, मैदानावर कुणाच्या बापाला न ऐकणारं, आईची हाक सांगताना मात्र इकडेतिकडे बघून हळूच सांगायचं, जसं काही खिशातलं फुटेल. ती ते नाव तोंडात बसेपर्यंत घोळवायची, काडी चघळत, आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या मैदानावर सोडायची. पोर कान टवकारून उठायचं आणि धावत सुटायचं...

मागच्या वर्षीची ती राखीव खेळाडू. हाडकुळी, ढोपरावर खपली. तिचं नाव घशात खोल कुठेतरी सुरू व्हायचं आणि शेवटी नुसता श्वास उरायचा. पुन्हा पुन्हा विचारलं तरी जमेना. शेवटी त्या पोरीने माईकवालीचा हात धरला, आपल्या गळ्यावर ठेवला, आणि नाव घेतलं. तळव्याखाली थरथरलं काहीतरी. मग जमलं. पण पोरीला मैदानात उतरवलंच नाही शेवटपर्यंत, आणि ते नाव... ते तसंच राहिलं. न वापरलेलं.

बाळाने कूस बदलावी तशी मान बदलली.

बाळाला अजून नाव नव्हतं. "अगं, शाळेत घालायच्या आत ठेवा म्हणजे झालं," नणंद फोनवर म्हणायची. नवरा रोज कामावरून येताना दोन नवी नावं घेऊन यायचा, दारातच सांगायचा आणि तिचा चेहरा बघून चपला काढायला लागायचा. नावं चांगली होती. ती एकटी असताना म्हणून बघायची; पण म्हटलं की तो माईकवरचा आवाजच यायचा – आणि आता मैदानात येत आहे – आणि नाव उठून धावत सुटायचं, पाठमोरं. एवढीशी, धड मान न धरणारी ही, हिला आत्तापासून कुठे पळवू? म्हणून मग सोन्या, ढमे, ए बाई. ज्या हाकांनी कुणी कुठे जात नाही अशा.

सकाळी सेक्रेटरीकाकांचा फोन आला होता. स्पर्धेचं सगळं तेच बघायचे. "ताई, उद्याची फायनल तेवढी घ्या अंगावर. हा गडी वाचतो झकास, पण पोरं एकमेकांची तोंडं बघतात."

"बाळ बाटलीला तोंड लावत नाही हो."

"बाळाला आणा की. पंच नेमू."

संध्याकाळपर्यंत सांगते, म्हणाली. आणि तेव्हापासून ती भांडी घासत होती, लंगोट वाळत घालत होती, खिसे तपासत होती.

"जा की," सासूबाई म्हणाल्या होत्या. "घटका-दोन घटकांनी काय होतंय. तिघांना वाढवलंय मी. त्यातलाच एक तू सांभाळते आहेस, बघ कसा निपजलाय तो, आणि मग ठरव." नवराही जा म्हणाला. कुणी अडवत नव्हतं. हेच तर... कुणीतरी अडवायला हवं होतं. रागावता आलं असतं, रडता आलं असतं. आता फक्त आपणच उरलो, आणि आपल्याला किती जावंसं वाटतंय हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. रात्री पाजताना ओठ हलतात. माईकच्या जाळीचा तो धातूचा वास. बटण दाबल्यावरची क्षणभराची पोकळी, सगळं मैदान आपल्या पहिल्या श्वासाची वाट बघतं ती... गेले आणि परत यावंसंच नाही वाटलं तर? देहाने येईनच, दूध दाटलं की पाय वळतीलच. पण मी मागे तिथेच राहिले तर, ही कुणाच्या खांद्यावर झोपेल?

दुपार कलली. मुलींचा उपांत्य सामना होता. आरडाओरडा वाऱ्यासोबत यायचा, जायचा. ती ओट्याशी उभी होती, खांद्यावर बाळ, एका हाताने दूध ढवळत. शिट्टी. टाळ्या. मग गोड आवाज – आजच्या सामन्यातली सर्वोत्तम खेळाडू – आणि एक नाव.

काहीच झालं नाही.

पुन्हा तेच नाव, सावकाश, एकेक अक्षर सोलून. तरी कुणी पुढे आलं नसावं. कुणीतरी हसलं. तिसऱ्यांदा. मग कर्णा नुसता खरखरत राहिला, आणि तिच्या लक्षात आलं, तळव्याला आधी लक्षात आलं, ती कोण ते. म्हणजे यंदा उतरवलं तर त्या राखीव पोरीला. खेळली. तिथे घोळक्यात बसली असेल, ढोपर पुसत, आणि दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत म्हणून टाळ्यासुद्धा वाजवत असेल, वेडी.

चमचा बाजूला राहिला. तिने नाव घेतलं.

मोठ्याने घेतलं, ओट्याशी उभं राहून, खिडकीकडे तोंड करून. घशाच्या तळापासून उठलं आणि शेवटी नुसता श्वास उरला, बरोब्बर. वर्षभर काही विसरलं नव्हतं. पण तो माईकवरचा आवाज नव्हता. आवाजाचा शेवट वर चढला नाही, खाली वळला, जेवण निवतंय, अंधार पडतोय, ये आता, असा. असं मी कधी म्हणाले होते? इतक्या पोरांनी इतक्यांदा कानाशी लागून सांगितलं, आणि आपण त्यातलं नुसतं नाव उचललं... आणि धाडत राहिलो पुढे. कुठल्या तरी लांबच्या घरात या घटकेला एक बाई अशीच ओट्याशी उभी असेल. पोरगी जिंकली हे तिला अजून कळलंही नसेल.

खांद्यावरचं डोकं हललं. बाळाने, धड मान न धरणाऱ्या बाळाने, मान उचलली होती. डुगडुगत, मोठ्या कष्टाने, तिच्या तोंडाकडे बघत होतं. त्यातून आणखी काय निघतं याची वाट बघत.

"कुणाला गं हाक मारलीस?" आतून सासूबाई.

"कुणाला नाही."

"मला वाटलं, ठरलं नाव."

पलीकडे कर्ण्यावर टाळ्या वाजल्या, कुणीतरी त्या पोरीला ढकललं असावं पुढे, किंवा बक्षीस दुसऱ्यालाच देऊन मोकळे झाले असतील. दुधावर साय धरू लागली होती. ओट्यावर फोन थरथरायला लागला, सेक्रेटरीकाका, थरथरत थरथरत कडेकडे सरकू लागला. तिने बघितलं त्याच्याकडे. मग जाकिटाच्या खिशातून ती काडी काढली आणि चघळलेलं टोक नाही, दुसरं, कोरं टोक दातांत धरलं. आधी लाकूड लागलं, नुसतं लाकूड. बाळ अजून तोंडाकडेच बघत होतं. तिने आणखी जोराने चावलं, आणि खूप आतून, हळूहळू गोडी सुटू लागली...